छोटा कीटक, पोटात पाणी: ट्रेझर हंटचे क्लू कसे फोडायचे

'छोटा कीटक, पोटात पाणी.'

चार शब्दांचा क्लू. तो हातात पडला की अर्धी टीम मुंग्यांची वारुळं आणि साचलेली डबकी शोधायला पळते. उत्तर मात्र कागदावरच बसलेलं असतं. पहिले दोन शब्द मध्ये जागा न सोडता लिहा: छोटाकीटक. आता त्याच्या पोटात बघा. 'छो' सोडा, शेवटचे 'ट' आणि 'क' सोडा. मधे राहते 'टाकी'. टाकीत असतं पाणी. चारही शब्दांचा हिशोब लागला, एकही उपरा राहिला नाही. पुढची चिठ्ठी पाण्याच्या टाकीपाशी.

उत्तर बरोबर आहे की नुसतं बरं वाटतंय, हे ओळखायची कसोटी हीच. बरोबर उत्तर क्लूमधल्या प्रत्येक वजनदार शब्दाला काम देतं. एखादा शब्द उरला, तर उत्तर चुकलंय किंवा अर्धंच मिळालंय. बहुतेक टीम हरतात त्या उत्तर सुचत नाही म्हणून नव्हे, पहिलं सुचलेलं उत्तर घेऊन धावत सुटतात म्हणून. एका चुकीच्या धावेत जाऊन-येऊन पाच-सात मिनिटं जातात. उरलेले शब्द मोजायला वीस सेकंद पुरतात.

चिठ्ठी उघडल्यावर

आधी फोटो. दोन्ही बाजूंचा, आणि घडी मोडण्याआधी एक घडीसकट. घडी कशी घातली आहे, कागदाचा कुठला कोपरा कापलाय, लिफाफ्यावर काय खूण आहे, हे सगळं क्लूचा भाग असू शकतं आणि चार जणांच्या हातांतून फिरल्यावर ते नाहीसं होतं.

मग एकानं क्लू मोठ्यानं दोनदा वाचायचा. पहिल्यांदा नेहमीसारखा, दुसऱ्यांदा विरामचिन्हं आणि शब्दांमधल्या जागा न मानता, सपाट सुरात. शब्दांच्या सांध्यात लपलेली नावं या दुसऱ्या वाचनात कानाला लागतात. 'वाचनाला' डोळ्यांना एकच शब्द दिसतो, पण ओढून म्हटला की 'वाच नाला' ऐकू येतं. 'दिवाकर' हे नावही आहे आणि 'दिवा कर' ही आज्ञाही. अलंकारशास्त्रात याला सभंग श्लेष म्हणतात. क्लू लिहिणाऱ्यांचा हा लाडका डाव, कारण छापलेला शब्द आपण होऊन कुणी तोडत नाही.

वाचणारा वाचत असताना दुसऱ्यानं क्लू स्वतःच्या अक्षरात उतरवून घ्यायचा. एकेक अक्षर सुटं, मधे बोटभर जागा सोडून. उलटापालट, आद्याक्षरं, लपलेले शब्द हे सगळं सुट्या अक्षरांवर पटकन दिसतं. टीम चार ते सहा जणांची असावी: एक वाचणारा, एक लिहिणारा, एक नोंदी सांभाळणारा, बाकीचे विचार करणारे आणि पळणारे. त्याहून जास्त झाले की एकाच वेळी तीन उत्तरं ओरडली जातात आणि मूळ कागद कुणाच्या हातात आहे तेच कळत नाही.

क्लूचे तीन अवयव

शब्दांशी खेळणाऱ्या क्लूत साधारण तीन गोष्टी असतात. एक, ठिकाणाचं किंवा वस्तूचं वर्णन. दोन, कच्चा माल, म्हणजे ज्या अक्षरांतून उत्तर निघतं ते शब्द. तीन, त्या अक्षरांचं काय करायचं हे सांगणारा इशारा. वर्णन बहुतेक वेळा क्लूच्या एका टोकाला असतं. मधोमध सापडलं तर संशय घ्या.

'खजिना हवा? डोकं बाजूला ठेवा आणि वर चढा.'

कच्चा माल 'खजिना'. इशारा 'डोकं बाजूला ठेवा', म्हणजे पहिलं अक्षर काढा. वर्णन 'वर चढा'. खजिन्यातला 'ख' काढला की राहतो जिना. क्लू वाचताना मात्र 'फार डोकं चालवू नका' असा सल्ला ऐकू येतो आणि लोक बिनडोकपणे गच्चीत पोहोचतात. गच्चीत काहीच नसतं, चिठ्ठी जिन्यात असते.

इशाऱ्याचे शब्द एकदा ओळखीचे झाले की अर्धं काम होतं. डोकं, मुकुट, सुरुवात, उंबरठा म्हणजे पहिलं अक्षर. शेपूट, टाच, अखेर म्हणजे शेवटचं. पोट, मन, गाभा, कुशीत, आत, दडलेलं म्हणजे मधे लपलेलं. उलट, परत फिरून, मागे वळून, आरशात, शीर्षासन म्हणजे अक्षरं शेवटाकडून. मोडलं, विस्कटलं, ढवळलं, सांडलं, गोंधळ, नाच म्हणजे अक्षरांची अदलाबदल. शेजारी, सोबत, पाठोपाठ म्हणजे दोन तुकडे जोडा. एकाआड एक म्हणजे एक अक्षर घ्या, एक सोडा.

उलटं वाचताना मात्रा आपल्या अक्षराला चिकटून राहते, जोडाक्षर हे एकच अक्षर धरलं जातं. 'दीन' उलटा केला की 'नदी', 'नीद' नव्हे. 'तवग उलटवा, पायाखाली हिरवं' याचं उत्तर गवत: त, व, ग यांचं ग, व, त. इंग्रजी कोड्यांची सवय असलेले इथे हमखास अडखळतात, कारण ते काना-वेलांटी सुटी करायला जातात.

'मानक मोडलं की खालून जाता येतं.' मा, न, क ही अक्षरं मोडून पुन्हा लावली की कमान. तीन अक्षरांच्या फक्त सहा मांडण्या होतात, तेव्हा विचार न करता सहाही लिहून काढा. चार अक्षरांच्या चोवीस. तिथे अक्षरं ओळीत न लिहिता गोलात लिहा, म्हणजे मूळ शब्दाची पकड सुटते. पाच अक्षरांच्या १२० होतात, आणि तिथपर्यंत आलात तर बहुधा वर्णनाकडून उत्तर शोधणंच स्वस्त.

'वडिलांशेजारी गंधार, फुलं खूप.' वडील म्हणजे बा, गंधार म्हणजे ग, दोन्ही शेजारी ठेवले की बाग. एकाक्षरी तुकडे हवे असले की क्लू लिहिणारा सरगमकडे वळतो: षड्ज सा, ऋषभ रे, गंधार ग, मध्यम म, पंचम प, धैवत ध, निषाद नी. हे सात पाठ ठेवा, फार उपयोगी पडतात.

आद्याक्षरांचा प्रकार सगळ्यांना माहीत असतो, तरी निसटतो, कारण लोक ओळींचा अर्थ लावण्यात रमतात:

वाट सरळ नाही,
चढ तर मुळीच नाही,
नावं विचारत बसू नका,
लक्ष सुरुवातीकडे द्या,
यश तिथेच आहे.

ओळींची लांबी विचित्र असेल, मजकूर वळणावळणाचा पण पोकळ वाटत असेल, तर आधी डावी बाजू वरून खाली वाचा. इथे निघतं वाचनालय. काही जण पूर्ण अक्षर मात्रेसकट घेतात, काही फक्त व्यंजन. एका पद्धतीनं अर्थ लागला नाही तर दुसरी करून बघा, आणि ओळींची शेवटची अक्षरंही.

लिंग आणि विभक्ती चुगली करतात

दुहेरी अर्थाचा शब्द मराठीत लपवणं वाटतं तितकं सोपं नाही. 'नाव' म्हणजे होडी आणि 'नाव' म्हणजे ओळख. पण होडी ती, ओळखीचं ते. प्रत्यय लागला की होडीचं 'नावेत' होतं आणि ओळखीचं 'नावात'. 'बोट' पाण्यातली असेल तर 'बोटीला', हाताचं असेल तर 'बोटाला'. 'मान' शरीराची असेल तर 'मानेला', आदराचा असेल तर 'मानाला'. म्हणजे शब्दाला प्रत्यय लावला किंवा शेजारी विशेषण ठेवलं की गुपित फुटतं. हे क्लू लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून तो असा शब्द उघडा ठेवतो, आणि त्यापुढे लिंग न दाखवणारं क्रियापद आणतो: लागल्याशिवाय, लागताना, बघून.

'बोट लागल्याशिवाय मी वाजत नाही.' धक्का, बंदर, भोंगा असं सगळं डोळ्यांपुढे येतं. पण 'लागल्याशिवाय' या रूपात बोट ती आहे की ते, हे कळतच नाही. ते धरून बघा: दारावरची बेल. म्हणून चिठ्ठीत जो शब्द प्रत्ययाशिवाय, विशेषणाशिवाय उभा असेल, त्याच्यावर पहिला संशय घ्या आणि त्याचे सगळे अर्थ खाली लिहा.

काही शब्दांत लिंगाचा अडथळाच नसतो. पान झाडाचं, पुस्तकाचं, पत्त्याचं, कुठलंही असो, ते 'ते'च. काटा घड्याळाचा, गुलाबाचा, तराजूचा. अंक नाटकाचा, मासिकाचा, गणितातला. चाल गाण्याची, बुद्धिबळातली, माणसाची. कळ बटणाची आणि दुखण्याची. हे शब्द दिसले की पहिला सुचलेला अर्थ बाजूला ठेवा; क्लू लिहिणाऱ्यानं तो दुसऱ्यासाठीच वापरलेला असतो. 'माझी पानं वाळत नाहीत, गळत नाहीत, तरी मला पावसात ठेवू नका' हे पुस्तक.

वाक्प्रचारांचंही तसंच. क्लूमधला वाक्प्रचार शब्दशः घ्यायचा. 'सगळ्यांनी इथे हात टेकले, तरी कुणी हरलं नाही' म्हणजे जिन्याचा कठडा. 'कान पिळला की पाणी सोडतो' म्हणजे नळ. आणि 'इथे वाट पाहा' असं लिहिलेलं असताना दहा-दहा मिनिटं उभे राहणारे लोक असतात. जमिनीवर, वाटेवरच, खडूनं बाण काढलेला असतो.

एक पूर्ण क्लू, शेवटपर्यंत

पाय चार, हलत नाही जागचा,
टेकाल पाठ तर नंबर मागचा.
वाटेवर थांबा, तिसरा पाहा,
सूर्य मावळतो तिकडे राहा.

चार पाय असलेलं, न हलणारं: खुर्ची, टेबल, बाक. 'जागचा' हे पुल्लिंगी रूप आहे. खुर्ची ती, टेबल ते. तिसऱ्या ओळीतला 'तिसरा'ही पुल्लिंगी. राहिला बाक. 'टेकाल पाठ' यानं त्यावर शिक्का बसतो. 'वाटेवर' म्हणजे पायवाटेकडेचे बाक, आणि त्यातला तिसरा.

इथपर्यंत येऊन बहुतेक टीम पळतात आणि तिसऱ्या बाकाखाली हात फिरवून रिकाम्या परततात. उरलेले शब्द मोजा. 'मागचा' आणि 'सूर्य मावळतो तिकडे' यांना अजून काम मिळालेलं नाही. बाकांच्या रांगेला दोन टोकं असतात; तिसरा कुठून मोजायचा? पश्चिमेकडून. चिठ्ठी कुठे? पाठीच्या मागच्या बाजूला, बसायच्या फळीखाली नव्हे. आता उरले 'थांबा', 'पाहा', 'राहा'. त्यांतले 'पाहा' आणि 'राहा' यमकासाठी आलेत, ते सोडून द्या; 'थांबा' मात्र उरलेला शब्द म्हणून लिहून ठेवा.

यमकाची ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओळीच्या शेवटचा शब्द अनेकदा नाइलाजानं आलेला असतो, त्याच्यावर फार भार टाकू नका. उलट एखादा शब्द यमक बिघडवून, लय मोडून तिथे बसला असेल, तर तो मुद्दाम ठेवलाय. त्याच्या जागी सोपा शब्द चालला असता का, हे विचारा.

शुद्धलेखनाच्या चुकांनाही हाच न्याय. सगळा मजकूर नीट आणि एकच अक्षर चुकीचं असेल, तर ते वेगळं लिहून ठेवा. दहा चुका असतील तर लिहिणाऱ्याची घाई समजा. शिरोरेषा मधेच तुटलेली, एखादं अक्षर जाड, एखादं किंचित खाली घसरलेलं, अनुस्वाराच्या जागी टाचणीचं भोक: अशी अक्षरं क्रमानं वेचली की बऱ्याचदा शब्द होतो.

आकड्यांचे क्लू

आकडे दिसले की आधी त्यांचा आवाका बघा. कुठल्या मर्यादेत आहेत यावरून पद्धत ओळखू येते.

सगळे आकडे दोन-अंकी आणि त्यात फक्त १ ते ५ हेच अंक असतील, तर वर्णमालेचा चौकोन. आपली पंचवीस स्पर्शव्यंजनं पाच-पाचच्या पाच ओळींत आयती बसतात: क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, ट ठ ड ढ ण, त थ द ध न, प फ ब भ म. पहिला अंक ओळ, दुसरा अंक स्थान. ५३ म्हणजे ब, ११ म्हणजे क. मात्रा दाखवायची असेल तर पुढे तिरकी रेघ मारून बाराखडीतला क्रमांक देतात: अ १, आ २, इ ३, ई ४, उ ५, ऊ ६, ए ७, ऐ ८, ओ ९, औ १०. तेव्हा '५३/२ ११/१' म्हणजे बाक, '२३/३ ४५/२' म्हणजे जिना. मात्रा दिलेल्याच नसतील तर ५३-११ हे बक, बाक, बाकी काहीही होऊ शकतं. निवड वर्णनावरून करा. 'य'पासून पुढची अक्षरं सहाव्या-सातव्या ओळीत टाकतात, त्यामुळे पहिला अंक ६ किंवा ७ दिसला तर घाबरू नका. दुसरा अंक ५ च्या वर गेला तर मात्र पद्धत वेगळी.

आकडे २६ च्या आत असतील तर इंग्रजी अक्षरांचे क्रमांक करून बघा. तीन-तीनचे गट असतील, पहिला आकडा मोठा, दुसरा तिसाच्या आसपास किंवा कमी, तिसरा दहा-बाराच्या आत, तर पान-ओळ-शब्द. त्यासाठी पुस्तक हवं, आणि तीच आवृत्ती हवी.

मात्रा ओळखीच्या पण शब्द निरर्थक असेल, तर अक्षरं सरकवलेली आहेत. 'झिपा' प्रत्येक व्यंजन एक घर मागे नेलं की 'जिना' होतं. गोची ङ आणि ञ ची. हे दोन वापरात कमी म्हणून बरेच जण सरकवताना गाळतात. शब्द जवळजवळ जमतो पण एखादंच अक्षर एका घरानं चुकतं, असं झालं तर 'क' आणि 'च' वर्गाच्या शेवटाकडे बघा.

शब्द दिले आणि आकडा हवा, म्हणजे कुलपाचा नंबर, असं असेल तर कटपयादी आठवा, म्हणजे अक्षरांना अंक देण्याची जुनी रीत. क पासून झ पर्यंत १ ते ९ आणि ञ ०. ट पासून ध पर्यंत १ ते ९ आणि न ०. प ते म १ ते ५. य ते ह १ ते ८. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं, मात्रा मोजायच्या नाहीत, आणि अंक उजवीकडून डावीकडे लिहायचे. 'जय' म्हणजे ८ आणि १, उलटून १८. महाभारताचं जुनं नाव जय आणि पर्वं अठरा, म्हणून हे उदाहरण लक्षात राहतं. दुसरी जुनी रीत शब्दांकांची: चंद्र १, नेत्र २, अग्नी ३, वेद ४, बाण ५, ऋतू ६, ऋषी ७, वसू ८, ग्रह ९, आकाश ०. 'वेद, बाण, चंद्र' हे परंपरेनं १५४, पण आजचा क्लू लिहिणारा सरळ ४५१ही धरेल. दोन्ही लावून बघा. 'रस' आला तर सावध: चवीचे सहा, काव्यातले नऊ.

कागद कोरा असेल तर

क्रम महत्त्वाचा. आधी जे केल्यानं काही बिघडत नाही ते. उजेडासमोर धरा, टाचणीची भोकं दिसतात. टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून बाजूनं मारा, वरच्या कागदावर दाबून लिहिलेल्याचे वळ दिसतात. तिथे शिसपेन आडवी करून हलकेच घासा. मग आरसा. मग पट्टी असेल तर पेन्सिलीभोवती गुंडाळून बघा, तिरकी अक्षरं जुळतात.

उष्णता त्यानंतर. लिंबाच्या रसानं लिहिलेला भाग बाकीच्या कागदाआधी करपतो, म्हणून अक्षरं तपकिरी उमटतात. वाफ बंद केलेली इस्त्री, मधली आच, वर पातळ कापड, दर पाच-सहा सेकंदांनी उचलून बघायचं. एलईडी दिव्याची ऊब पुरत नाही. मेणबत्तीवर धरू नका, क्लू जळतो आणि बोटंही. आणखी एक फसगत: खोडता येणाऱ्या काही जेल पेनांची शाई साधारण ६० अंशांना नाहीशी होते. गुप्त अक्षरं काढायला जावं आणि दिसणारा क्लूच पुसला जावा, असं होतं. कागद फ्रीझरमध्ये ठेवला तर ती परत येते, पण खेळाच्या मधे फ्रीझर कुठून आणणार? म्हणून सुरुवातीचा तो फोटो.

पाणी सगळ्यात शेवटी. पांढऱ्या मेणाच्या खडूनं लिहिलेलं असेल तर पातळ जलरंगाचा एक हात फिरवला की अक्षरं कोरी राहतात. पण इंकजेटची छपाई पाण्यानं पसरते.

दिशा, पावलं, निर्देशांक

'चाळीस पावलं' वाचलं की विचारा, कुणाची? मोठ्या माणसाचं पाऊल साधारण ७० ते ७५ सेंटिमीटर, मुलाचं बरंच कमी. पावलामागे १० सेंटिमीटरचा फरक धरला तरी चाळीस पावलांत ४ मीटर होतात. दिशा दहा अंशांनी चुकली तर ४० मीटरवर तुम्ही जवळजवळ ७ मीटर बाजूला असता. पावलं मोजून पोहोचलात त्या बिंदूवर चिठ्ठी शोधू नका; त्याभोवती वर्तुळ धरा आणि त्यात लपवण्याजोगं काय आहे ते बघा. फोनचा होकायंत्र गाड्या, लोखंडी जाळ्या, फाटकं यांच्याजवळ बहकतो. चार-पाच पावलं दूर जाऊन दिशा घ्या.

सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. एरवी थोडा इकडेतिकडे, पण 'कुठलं टोक' एवढंच ठरवायला चालतं. सावलीचा क्लू असेल तर वेळ दिलेली असलीच पाहिजे. नसेल तर 'सावली'चा अर्थ बहुधा दुसराच आहे.

निर्देशांकात, म्हणजे अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांत, दशांशाची घरं मोजा. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर. तीन दशांश घरं म्हणजे शंभरेक मीटरचा आवाका, चार म्हणजे ११ मीटर, पाच म्हणजे जेमतेम १ मीटर. तीनच घरं दिली असतील तर पुढचं काम शब्दांनी करायचं आहे, निर्देशांक फक्त परिसर सांगतोय. सगळ्यात मोठी चूक अंश-मिनिटांची: ३० मिनिटं म्हणजे ०.५ अंश, ०.३० नव्हे. हा घोळ तुम्हाला वीसेक किलोमीटर दूर नेतो, त्यामुळे निदान लगेच लक्षात तरी येतो.

जागेवर पोहोचल्यावर

क्लू लावणाऱ्याच्या अडचणी ओळखा. जागा अशी हवी जिथे सगळ्या टीमना पोहोचता येईल, जाणाऱ्या-येणाऱ्याला चिठ्ठी दिसणार नाही, पाऊस-वाऱ्यात ती टिकेल आणि स्वतः त्याला ती दोन मिनिटांत चिकटवता येईल. म्हणून चिठ्ठी बहुधा गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत असते: फळीखाली, पाटीमागे, पाइपाच्या भिंतीकडच्या बाजूला, कठड्याच्या आतल्या अंगाला. विजेचे बॉक्स, गटारांची झाकणं, छतं, झाडांची उंच फांदी हे सोडून द्या. तिथे कुणी शहाणा माणूस चिठ्ठी लावत नाही, आणि लावली असेल तरी काढायला जाऊ नका. खणायचं नाही, उचकटायचं नाही.

पहिली फेरी फक्त डोळ्यांनी. दुसरी वाकून, खालून वर बघत. तिसरी उलट बाजूनं चालत. हात शेवटी घाला, आणि जिथे दिसत नाही तिथे टॉर्च मारल्याशिवाय घालू नका. तीन फेऱ्यांत मिळालं नाही तर जागेवर तास काढू नका, कागदाकडे परत या. चिठ्ठीवर दुसऱ्या टीमचा रंग किंवा क्रमांक असेल तर ती जशी होती तशीच ठेवा. तुमच्या चिठ्ठ्या वेगळ्या क्रमानं लावलेल्या असतात, दुसऱ्याची वाचून तुमचाच माग चुकतो.

अडकलात तर

पाच मिनिटांत नवा विचार आला नाही, तर कागद दुसऱ्याच्या हातात द्या आणि ज्यानं आतापर्यंत वाचलं त्यानं गप्प बसायचं. एकदा 'कीटक' म्हणजे किडा असं डोक्यात बसलं की त्या डोक्यातून ते निघत नाही. आणखी एक उपाय: क्लू सोडा, परिसरातल्या सगळ्या लपवण्याजोग्या जागांची यादी करा, पंधरा-वीस निघतात, आणि एकेक नाव क्लूला लावून बघा. मराठीत अशा जागांची नावं बरीचशी दोन-तीन अक्षरांची असतात, त्यामुळे हा उलटा रस्ता पुष्कळदा लवकर पोहोचतो.

मदत मागायला दंड असेल तर त्याची तुलना वेळेशी करा. दंड पाच मिनिटांचा आणि तुम्ही सात मिनिटं जागचे हलला नसाल, तर मागा. 'काय उत्तर?' असं विचारू नका. 'तिसऱ्या ओळीतला हा शब्द कामाचा आहे की यमकाचा?' असं विचारा. आयोजक अशा प्रश्नाचं उत्तर सहज देऊन जातात.

शेवटच्या क्लूसाठी नोंदी

प्रत्येक क्लूचा क्रमांक, उत्तर, जागा, कागदाचा रंग, कोपऱ्यातली खूण आणि काम न मिळालेले शब्द, हे सगळं एका कागदावर सुरुवातीपासून लिहीत जा. शेवटचा क्लू अनेकदा आधीच्या उत्तरांतूनच तयार होतो. समजा सहा चिठ्ठ्यांपैकी फक्त दोनवर लाल टिंब होतं आणि त्यांची उत्तरं होती बाग आणि कमान. आद्याक्षरं जोडली की बाक. टिंब नोंदलेलं नसेल तर सहा उत्तरांची आद्याक्षरं घेऊन कितीही खटपट करा, काही जमणार नाही. अक्षरं लावताना ज्या क्रमानं तुम्हाला चिठ्ठ्या मिळाल्या तो क्रम धरू नका, चिठ्ठीवर छापलेला धरा. टीमगणिक मार्ग वेगळा असतो, उत्तर एकच.

आणि बाक मिळाला म्हणून लगेच उठू नका. बाक बरेच असतात. कुठला, हे सांगणारा शब्द आधीच्या एखाद्या चिठ्ठीतून उरलेला असणार. उरलेल्या शब्दांचा रकाना तिथेच उपयोगी पडतो.